तक्त्यापासून सहा मीटरवर: शाळकरी मुलांचे डोळे तपासण्याचं काम आणि त्यातलं करिअर

दहावी-बारावीचे निकाल लागले की बारामती तालुक्यातल्या वडगाव निंबाळकर, होळ, कोऱ्हाळे, करंजे या पट्ट्यातले पालक मुलांना घेऊन विचारायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नीटला मार्क कमी पडले, आता काय?" त्याच्या मागोमाग अलीकडे आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे. शाळेत आरोग्य तपासणीची गाडी येते, भिंतीवर तक्ता लावून मुलांचे डोळे बघितले जातात, ते पाहून एखादी मुलगी घरी सांगते, मला हे काम करायचंय. आई-वडिलांना काम चांगलं वाटतं, पण त्याला शिक्षण काय लागतं, नोकरी कुठे मिळते, कुणाला विचारायचं, हे ठाऊक नसतं. मग मोबाइलवर जाहिरात दिसते: थोड्या दिवसांचा कोर्स, सर्टिफिकेट, नोकरीची हमी. पैसे भरायच्या आधी पुढचं वाचा.

भारतात फक्त शाळकरी मुलांची दृष्टी तपासण्यासाठी असा वेगळा सरकारी परवाना नाही. त्यासाठी दिलं जाणारं एक-दोन दिवसांचं प्रशिक्षण खरं आहे, गरजेचं आहे, पण ते आधीच कुठल्यातरी पदावर असलेल्या माणसासाठी असतं: शिक्षक, आरोग्यसेविका, आशाताई, तपासणी पथकातले डॉक्टर. त्या प्रमाणपत्राच्या जोरावर नोकरी मिळत नाही. नोकरी मिळते ती नेत्रसेवेच्या पूर्ण अभ्यासक्रमातून. हे एवढं डोक्यात पक्कं असलं, तर फसवणुकीचे निम्मे रस्ते बंद होतात.

आधी गाडीतली माणसं कोण ते बघू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातल्या, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतले अडथळे लवकर हेरायचे, हा त्याचा हेतू. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येतं. पथकात आयुष शाखेचे दोन वैद्यकीय अधिकारी, एक पुरुष आणि एक स्त्री, शिवाय औषधनिर्माता आणि परिचारिका असते. म्हणजे तुमच्या मुलाचा डोळा शाळेत पहिल्यांदा पाहणारी व्यक्ती बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टर असते, नेत्रतज्ज्ञ नव्हे. हृदयापासून दातांपर्यंत सगळं बघताना डोळा हा त्यातला एक भाग. ज्या मुलीला याच गाडीत बसून काम करायचंय, तिच्यासाठी रस्ता आयुर्वेद, होमिओपॅथी, फार्मसी किंवा नर्सिंगमधून जातो, आणि ही पदं बहुतेक कंत्राटी असतात. ज्या मुलाला डोळा हाच विषय धरायचाय, त्याची वाट वेगळी आहे. या दोन वाटांची गल्लत केल्यामुळे मुलं नको त्या कोर्सला जाऊन बसतात.

आता प्रत्यक्ष काम जवळून पाहू, कारण ते दिसतं तितकं सोपं नाही. शाळेच्या वऱ्हांड्यात टेपने सहा मीटर मोजायचे आणि खडूने रेघ ओढायची. तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावायचा, उजेड तक्त्यावर पडला पाहिजे, मुलाच्या तोंडावर नाही. लहान मुलांसाठी इंग्रजी ईचा तक्ता असतो. अक्षर ओळखायचं नाही, ईचे पाय कुणीकडे आहेत ते बोटांनी दाखवायचं. एका डोळ्यावर तळहात ठेवायला सांगितला की मूल बोटांच्या फटीतून बघतं. म्हणून ओंजळीचा खोलगट भाग ठेवायला शिकवावं लागतं, किंवा पुठ्ठ्याचं झाकण वापरावं लागतं. डोळा दाबून धरला तर दुसऱ्या फेरीला त्याच डोळ्याला धुरकट दिसतं आणि चुकीची नोंद होते. रांगेतली पोरं मागून कुजबुजतात, "वर, खाली, उजवीकडे." हुशार पोर दहा जणांचं ऐकून ओळ पाठ करतं. त्याला तक्ता फिरवून पुन्हा विचारायचं असतं. आणि एखादी मुलगी बरोबर उत्तरं देते, पण डोळे बारीक करून, मान एका बाजूला झुकवून. तपासणाऱ्याची नजर तक्त्यावर नाही, तिच्या चेहऱ्यावर हवी.

सहा मीटरचा एवढा आग्रह कशासाठी? 1862 मध्ये हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने हा तक्ता तयार केला, तेव्हापासून प्रत्येक ओळीच्या अक्षराची उंची हिशोबाने ठरलेली आहे. 6/6 च्या ओळीतलं अक्षर पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास असतं, 6/60 चं त्याच्या दहापट. वर्ग लहान म्हणून सहा मीटरचा तक्ता तीन मीटरवर लावला, तर अक्षर डोळ्याला दुप्पट मोठं दिसतं. मग 6/12 ची ओळ वाचणाऱ्या मुलाची खरी दृष्टी 3/12, म्हणजे 6/24 असू शकते. फळ्यावरचं न दिसणारं ते मूल "नॉर्मल" म्हणून परत वर्गात जातं, आणि पुढच्या वर्षीपर्यंत कुणी त्याच्याकडे बघत नाही. टेप न वापरल्याची किंमत मूल वर्षभर मोजतं. तीन मीटरचे वेगळे तक्ते मिळतात. जागा कमी असेल तर ते वापरावेत. चांगल्या प्रशिक्षणात हा हिशोब शिकणाऱ्यांकडून हाताने करून घेतात. नुसते स्लाइड दाखवणाऱ्या कोर्समध्ये तो सुटून जातो.

दृष्टी कमी निघाली की पुढची पायरी बारीक छिद्राच्या पट्टीची. छिद्रातून बघितल्यावर मुलाला आणखी खालची ओळ वाचता आली, तर बहुधा नंबरचा प्रश्न आहे, चष्म्याने सुटेल. नाही वाचता आली तर मागे दुसरं काही असू शकतं, ते नेत्रतज्ज्ञाने बघायचं. लांबचा तक्ता नीट वाचणाऱ्या पण पुस्तक वाचताना डोकं दुखणाऱ्या मुलासाठी प्लस भिंगाची चाचणी असते: भिंगातूनही तक्ता तसाच वाचला, तर त्या डोळ्याला प्लस नंबर असण्याची शक्यता धरायची. मग टॉर्च. डोळे तिरळे आहेत का, बुबुळावर डाग आहे का, पांढऱ्या भागावर फेसासारखा चट्टा आहे का. असा चट्टा जीवनसत्त्व 'अ'च्या कमतरतेचा असू शकतो, आणि संध्याकाळी मूल धडपडतं का हे आईला विचारायचं असतं. बाहुलीत पांढरी चमक दिसली तर उद्या-परवा नाही, लगेच पाठवायचं. लहान मुलांमध्ये ते मोतीबिंदूचं किंवा डोळ्याच्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं.

सगळ्यात फसवा असतो आळशी डोळा. एक डोळा चांगला, दुसरा कमजोर; मेंदू कमजोर डोळ्याकडून काम घेणंच सोडून देतो. मूल तक्रार करत नाही, कारण त्याला दोन्ही डोळे उघडे ठेवून सगळं दिसतं. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी यांनी बराच सुधारतो. वय वाढलं की सुधारणा कमी कमी होत जाते. म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांचा एकेक डोळा वेगळा झाकून तपासणं हे या कामाचं मर्म आहे. घाईत दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासलं, तर तपासणी झालीच नाही म्हणा.

चूक दुसऱ्या बाजूनेही होते. मुलाला उगाच संशयित ठरवलं, वडिलांनी उसाच्या खुरपणीचा खाडा करून त्याला बारामतीला नेलं आणि तिथे डॉक्टर म्हणाले, काही नाही, तर पुढच्या वर्षी चिठ्ठी आली तरी ते जाणार नाहीत. सुटलेलं मूल आणि विनाकारण पाठवलेलं मूल, दोन्ही कमी ठेवणं हीच तपासणाऱ्याची कसोटी.

आणि चष्मा मिळाल्यावर? पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळांमध्ये हाच प्रश्न अभ्यासला गेला. पुण्याचे नेत्रतज्ज्ञ परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2013 मध्ये इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीमध्ये छापून आला. शाळेतून चष्मे दिलेल्या 1018 मुलांना सहा महिने ते वर्षभराने पुन्हा पाहिलं, तर चष्मा लावून आलेली मुलं 300 होती. दहातली तीन. बाकीच्यांपैकी 142 जणांनी सांगितलं की चिडवतात. 125 जणांचे चष्मे तुटले होते, 67 जणांचे हरवले होते. मुलींमध्ये चष्मा लावण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरं होतं.

हे आकडे मी प्रत्येक पालकाला सांगतो, कारण त्यातून या करिअरचा खरा आकार कळतो. तक्ता वाचून घेणं हा कामाचा सुरुवातीचा भाग. त्यानंतर चिठ्ठी घरी पोचवणं, आईशी बोलणं, मुलाला आवडेल अशी फ्रेम निवडू देणं, वर्गशिक्षकांना त्याला पुढच्या बाकावर बसवायला सांगणं, चार महिन्यांनी पुन्हा जाऊन चष्मा नाकावर आहे का दप्तरात, ते बघणं. "मुलीला चष्मा लागला तर लग्नाला अडचण" हे आपल्याकडे अजून बोललं जातं. ते बोलणाऱ्या आजीबाईंशी न भांडता बोलता येणं हेही कौशल्य आहे. ज्या मुलाला माणसांशी बोलायला आवडत नाही, त्याने नेत्रसेवेत यंत्रांवर किंवा शस्त्रक्रियागृहात काम करावं. तिथेही माणसं लागतात. शाळांमधलं काम बोलक्या, चिकाटीच्या पोरांचं.

आता शिक्षण. 2021 मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत नेत्रविज्ञानाचा गट आहे आणि त्यात तीन नावं आहेत: ऑप्टोमेट्रिस्ट, ऑफ्थॅल्मिक असिस्टंट आणि व्हिजन टेक्निशियन. कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान 2000 तासांचं शिक्षण, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान 3600 तासांचं शिक्षण धरलं आहे. पालकांनी हे दोन आकडे लिहून ठेवावेत. कुणी सहा महिन्यांच्या कोर्सवर "पुढे सरकारी नोंदणी होईल" असं म्हणालं, तर तास मोजायला लावावेत. वर्षभराचे व्हिजन टेक्निशियनचे कोर्स काही नामांकित नेत्रसंस्था चालवतात आणि स्वतःच्या केंद्रात कामही देतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटने हे पद गावोगावच्या व्हिजन सेंटरसाठी घडवलं, मदुराईच्या अरविंद रुग्णालयाने तर बारावी झालेल्या खेड्यातल्या मुलींना दोन वर्षं शिकवून आपल्या सगळ्या यंत्रणेचा कणा केलं. ही वाट चांगली आहे. पण तिथून बाहेर पडल्यावर दुसरीकडे नोंदणी मिळेल का, हे प्रवेशाच्या आधी लेखी विचारावं.

ज्यांना परवडतं आणि ज्यांची तयारी आहे, त्यांनी माझ्या मते बॅचलर ऑफ ऑप्टोमेट्रीच करावी. साधारण चार वर्षं, त्यात इंटर्नशिप. बारावी विज्ञान लागतं. बऱ्याच ठिकाणी जीवशास्त्र हवं, काही विद्यापीठं गणितही चालवतात, तेव्हा अकरावीत विषय निवडतानाच प्रवेशपुस्तिका बघा. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री आहे, मुंबईत जुहूला लोटस कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्री आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते; एजंटाच्या तोंडच्या नावावर न जाता तीच बघावी. "ऑप्टोमेट्री म्हणजे चष्म्याचं दुकान ना?" असं वडील विचारतात. दुकान काढता येतं, खरंय, आणि नीरा-बारामती रस्त्यावर नीट नंबर काढणारं एक दुकान असणं ही गावाची सेवाच आहे. पण ऑप्टोमेट्रिस्ट रुग्णालयात काम करतो, मुलांची दृष्टी, कमी दृष्टीच्या माणसांसाठीची साधनं, कॉन्टॅक्ट लेन्स यांत पुढे शिकतो, शिकवतो, जिल्हा स्तरावरच्या बालविकास केंद्रात लागू शकतो.

सरकारी नोकरीचं म्हणाल तर आपल्या राज्यात ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी हे पद असतं. शाळांमध्ये जाऊन मुलांचा नंबर काढणं हे त्याच्या कामातच येतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून सुरू आहे आणि शाळा तपासणी, गरजू मुलांना मोफत चष्मे हा त्याचा जुना भाग. जागा कमी निघतात, निघाल्या की अर्ज भरमसाट येतात. जाहिरातीतली पात्रता आणि नोंदणीची अट शब्दशः वाचा. पदवी आहे पण नोंदणी नाही म्हणून अर्ज बाद होणं हे फार वाईट. खाजगी आणि धर्मादाय संस्थांमध्ये सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे पालकांनी आधीच समजून घ्यावं. दोन-तीन वर्षं हात बसला की फरक पडतो.

वडगाव निंबाळकरच्या मुलासाठी एक जवळची जागा सांगतो. नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट उतरून हडपसरला गेलं की महंमदवाडीत पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. शाळा तपासणीचं काम तिथे मोठ्या प्रमाणावर होतं. कोर्सची फी भरायच्या आधी मुलाला अशा ठिकाणी एक दिवस नेऊन बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसवा. बारामतीतल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागातही बसता येईल. रडणाऱ्या लहानग्याच्या डोळ्यात थेंब घालताना परिचारिका काय करते ते बघून मुलाला कंटाळा आला, तर चार वर्षांची फी वाचली. आणि मूल तिथून उठायलाच तयार नसेल, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

शिक्षक, आशाताई किंवा आरोग्यसेविका असलेल्यांनी हे काम सुधारण्यासाठी पदवीची वाट पाहायची गरज नाही. ऑर्बिस या संस्थेच्या सायबरसाइट व्यासपीठावर डोळ्यांच्या आजारांचे मोफत ऑनलाइन पाठ आहेत, प्रमाणपत्रही मिळतं. इंग्रजी असलं तरी चित्रं भरपूर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचं डब्ल्यूएचओआयज नावाचं मोफत ॲप फोनवर दृष्टी तपासायला आहे, आठ वर्षांपुढच्यांसाठी. ही साधनं शिकायला उत्तम. फोनवर काढलेला निकाल मात्र अंतिम धरू नये.

अमेरिकेत प्रिव्हेंट ब्लाइंडनेस ही 1908 पासूनची संस्था मुलांची दृष्टी तपासणाऱ्यांना शिकवून प्रमाणित करते, आणि ते प्रमाणपत्र तीन वर्षांनी पुन्हा मिळवावं लागतं. ही पद्धत आपण उचलण्यासारखी आहे. आपल्याकडे शिक्षकाला एकदा शिकवलं की तो निवृत्त होईपर्यंत शिकलेला धरला जातो, बदली होऊन आलेल्याला तर कुणी विचारतही नाही. जिल्हा परिषदेने दर जूनमध्ये केंद्रशाळेत अर्धा दिवस उजळणी घेतली, टेप, तक्ता, पट्टी हातात देऊन एकेकाकडून तपासणी करून घेतली, तर खर्च नगण्य आहे. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी ही मागणी ठरावात घ्यावी. त्याच ठरावात आणखी एक ओळ घाला: तपासणीच्या वेळी मुलांचे फोटो आणि नावांच्या याद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाहीत. कुणाला कमी दिसतं हे गावभर झालं की चिडवणं तिथूनच सुरू होतं.

आपल्या भागाचा एक खास प्रश्न आहे. सोमेश्वर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला की बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ आणि कारखान्याच्या परिसरात कोप्या पडतात. त्यातली मुलं दिवाळीनंतर इथे असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात. शाळेची तपासणी इथे पावसाळ्यात झाली तर ती मुलं त्यांच्या गावच्या यादीत असतात, इथल्या नाही. आणि थंडीत त्यांच्या गावी झाली तर तिथे गैरहजर. दोन्हीकडून सुटतात. इथे काम करू पाहणाऱ्या तरुण ऑप्टोमेट्रिस्टने हंगामातल्या एका रविवारी कोपीवर तक्ता नेला, आणि नंबर, तारीख, पुढे कुठे जायचं हे लिहिलेलं कार्ड आईच्या हातात दिलं, तर ते मूल गावी परतल्यावरही तिथल्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

शेवटी फीचा मुद्दा, कारण बहुतेक घरी निर्णय तिथेच अडतो. राज्य शासनाने 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. ती केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना आहे. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठांना ती लागू नाही, व्यवस्थापन कोट्यालाही नाही. म्हणून कॉलेज निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: हे विद्यापीठ अभिमत आहे का, आणि हा अभ्यासक्रम शिष्यवृत्तीच्या यादीत आहे का? अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या महाडीबीटीवर आहेत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर हे निकालाची वाट न बघता मे महिन्यातच बारामतीच्या तहसील कार्यालयातून काढून ठेवा. जूनमध्ये सेतूसमोर रांग लागते आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून गेलेली असते.